आपल्याकडे पागोळ्या, तिकडे कोरडी वाळू: श्रीलंकेची लांब ट्रिप स्वतः कशी आखायची

आमचं तारकर्लीच्या बाजूला चार खोल्यांचं होमस्टे आहे. मे महिना संपला, शेवटचे पाहुणे आंब्याच्या पेट्या घेऊन गेले की आमच्याकडे सगळं बंद. स्कुबा बंद, बोटी वर ओढून झापांखाली, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, आणि आम्ही पडवीत बसून पागोळ्या मोजायच्या. पाहुणे विचारतात की पावसाळ्यात तुम्ही काय करता, तर खरं सांगायचं म्हणजे बरीच वर्षं आम्ही झोपा काढल्या. मग २०२४ च्या जुलैत मी, नवरा आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, असे तिघं कुठल्याही टूर कंपनीशिवाय चोवीस दिवस श्रीलंका फिरून आलो आणि तेव्हापासून गावातले, पाहुण्यांपैकी, नात्यातले कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की कसं केलंत, किती लागले, आईंना कसं झेपलं. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली पायरी: जागा नंतर, आधी वारा बघा

बहुतेक जण इथेच चुकतात. रीलमध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचा समुद्र बघितला, उनवटुनाचा झोपाळा बघितला, लगेच तिकीट काढलं, आणि जुलैत तिथे पोचले. आमच्या ओळखीचं एक जोडपं असंच गेलं होतं. तिथे काय, तर गढूळ खवळलेला समुद्र, लाल बावटा आणि सरी. म्हणजे आपल्या घरासमोर जे फुकट दिसतं तेच विमानाचं तिकीट काढून बघून आले.

समजून घ्यायची गोष्ट सोपी आहे. आपल्याला जो नैऋत्येचा पाऊस भिजवतो तोच श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला भिजवतो, आपल्याआधी, मेच्या शेवटापासूनच. पण देशाच्या मधोमध डोंगर आहेत. ढग त्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडे पूर्वेला नुसता कोरडा वारा उतरतो. आंबोलीत छत्री उलटी होते आणि गडहिंग्लजकडे जाता जाता गाडीचे वायपर बंद करायला लागतात ना, अगदी तसंच. त्यामुळे मे ते सप्टेंबर पूर्व आणि उत्तर, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे, जाफना, अनुराधापुरा. डिसेंबर ते मार्च याच्या बरोब्बर उलट, तेव्हा ईशान्येकडचा पाऊस पूर्वेला असतो आणि गॉल, मिरिस्सा, बेंटोटा हा पट्टा छान असतो, देवमासे बघायला मिरिस्साला लोक जातात तेही तेव्हाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्हीकडे विजांचा पाऊस आणि वादळांची भीती, तो काळ मी तरी टाळेन.

आता तुमचं काम कशावर आहे ते बघा. आंबा बागायतदार असाल तर मार्च ते मे तुम्ही हलूच शकत नाही. होमस्टेवाल्यांना ऑक्टोबर ते मे सीझन. भातवाल्यांची लावणी जुलैत, मग त्यांना जानेवारी-फेब्रुवारी बरा. मी इथून पुढे जे सांगते ते मुख्यतः जून-जुलै-ऑगस्टचं आहे, कारण कोकणात आपल्यासारख्यांना मोकळा वेळ तोच आणि नेमका त्याच वेळी श्रीलंकेचा निम्मा भाग कोरडा ठणठणीत असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

दुसरी पायरी: कालनिर्णय घेऊन बसा

मी चेष्टा करत नाहीये. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूची दुकानं बंद, बहुतेक ठिकाणी मटणाचीही, बस-ट्रेनला गर्दी आणि देवळांत पाय ठेवायला जागा नाही. आपल्या कालनिर्णयातली पौर्णिमा आणि त्यांची पोया साधारण एकच, कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. आपली बुद्धपौर्णिमा म्हणजे त्यांचा वेसाक. वटपौर्णिमेच्या सुमारास त्यांची पोसोन, तेव्हा अनुराधापुरा आणि मिहिंतले इथे तोबा गर्दी, कारण अशोकाचा मुलगा महिंद धर्म घेऊन तिथे आला तो हा दिवस मानतात. गुरुपौर्णिमेच्या सुमारासच्या पोयेला आम्ही सिगिरियाजवळ होतो, नवऱ्याने दिवसभर जीपमध्ये धूळ खाऊन संध्याकाळी थंड बिअरची स्वप्नं बघितली होती आणि त्याला लिंबूपाण्यावर भागवावं लागलं. आई त्या दिवशी फार खूश होत्या.

आणि कँडीची एसाला पेराहेरा, बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराची ती हत्तींची मिरवणूक, दहा दिवस चालते आणि बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास संपते. बघायची असेल तर कँडीतल्या खोल्या खूप आधी धरा, त्या दिवसांत भाडी कुठल्या कुठे जातात. आम्ही नाही बघितली, नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नसलो तर नवऱ्याला वर्ष लागत नाही. सिंहली आणि तमिळ नववर्ष १३-१४ एप्रिलला, तेव्हा अख्खा देश गावी गेलेला असतो, अगदी आपल्या गणपतीतल्या मुंबईसारखा. ते दिवस सोडा.

किती दिवस? देश ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा. हे वाचून लोक म्हणतात की आठ दिवसांत सगळं करू. नाही होत. रस्ते चांगले आहेत पण अरुंद, वळणांचे, वाटेत गावं, आणि लोकल बसला शंभर किलोमीटरला तीन तास धरावेतच. आम्ही ठरवलं की एका जागी शक्यतो तीन रात्रींपेक्षा कमी राहायचं नाही, एक दिवस प्रवासाचा, एक बघण्याचा, एक काहीही न करण्याचा. बरोबर म्हातारं माणूस असेल तर तो तिसरा दिवस सोडूच नका.

तिसरी पायरी: कागद आणि पैसे

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. व्हिसासाठी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढायची, ती तीस दिवसांची असते, जास्त राहायचं असेल तर मुदत वाढवून मिळते. फी आणि सवलतीचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदललेत, म्हणून माझ्या किंवा कोणाच्याच आकड्यावर जाऊ नका, तिकीट काढण्याआधी श्रीलंका इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर बघा. सरकारीच, हे परत सांगते, कारण सर्च केलं की वरती तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट येतात. माझ्या मावसभावाने घाईत अशाच एकीवर फॉर्म भरला आणि परवानगी मिळाली खरी, पण फीच्या दुपटीहून जास्त मोजून.

विमान मुंबईहून थेट कोलंबो, अडीच तासांच्या आसपास. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच. होडीचा ज्यांना शौक आहे त्यांच्यासाठी तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून जाफन्याजवळच्या कांकेसंथुराईला फेरीबोट २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पण ती मधेमधे बंद पडते, तिच्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नका.

आता कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवायची खास गोष्ट. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात, वर दरड आली तर विचारूच नका. विमान ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी मुंबईत पोचा. आम्ही शहाणपणा करून आदल्या रात्रीची गाडी धरली होती, पुढे रुळावर माती आली आणि पाच तास एका स्टेशनात उभे, आई डब्यातल्या घावनांचा शेवटचा तुकडा समोरच्या बाईच्या पोराला भरवतायत आणि मी मोबाइलवर विमानाची वेळ बघून घामाघूम. मिळालं विमान, पण कसं ते आमचं आम्हाला माहीत.

पैशांचं म्हणाल तर आपल्या एका रुपयाला त्यांचे तीन-साडेतीन रुपये धरून चला, जाताना ताजा भाव बघा. थोडे डॉलर बँकेतून किंवा अधिकृत मनी चेंजरकडून घ्या, थोडे एटीएममधून काढा. आपलं यूपीआय तिथे २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालंय, मोठ्या दुकानांत चालून जातं, पण गावातल्या भातवाल्या मावशीकडे रोखच लागते. आमचं तिघांचं विमान सोडून रोजचं साधारण पाच हजार भारतीय रुपयांत भागलं, त्यात निम्मे खोलीला. प्रवेश तिकिटं वेगळी धरा, ती महाग आहेत. सिगिरियाचं परदेशी माणसाचं तिकीट तीस डॉलरच्या वर आहे. पण भारतासारख्या सार्क देशांच्या पासपोर्टला अशा जुन्या ठिकाणी कमी दर लावतात, म्हणून मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवायला जवळ ठेवा आणि स्वतःहून विचारा, न विचारता कोणी सांगत नाही.

चौथी पायरी: रूट

आमचा असा होता. नेगोंबो दोन रात्री, अनुराधापुरा तीन, जाफना चार, त्रिंकोमालीजवळ निलावेली पाच, सिगिरिया तीन, कँडी दोन, एला तीन, शेवटी कोलंबो दोन. म्हणजे वर जायचं, पूर्वेने खाली यायचं आणि डोंगरातून परत.

विमानतळ काटुनायकेला आहे, कोलंबो शहरापासून तीसेक किलोमीटर, आणि नेगोंबो त्याहून बरंच जवळ. त्यामुळे उतरल्या उतरल्या कोलंबोच्या ट्रॅफिकमध्ये जाऊच नका, नेगोंबोला झोपा. मासेमारीचं गाव, वाळूत चटयांवर मासे वाळत टाकलेले, आईंनी गाडीतून उतरताच खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आपल्याच वाड्यात इल्यासारख्या वाटता गो."

अनुराधापुऱ्यात सायकल नाहीतर टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, भाड्याने घ्या, पायी होत नाही, पसारा फार मोठा आहे. अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने बोधगयेहून आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड तिथे आहे, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून सांभाळलेलं, पांढऱ्या कपड्यातली माणसं कमळं घेऊन शांत बसलेली असतात. दुपारी दगड इतके तापतात की अनवाणी चालवत नाही, जाड मोजे घालून जा, मोजे चालतात.

जाफना बहुतेक भारतीय सोडतात, तुम्ही सोडू नका. १९८३ ते २००९ इतकं लांब यादवी युद्ध या भागाने सोसलंय, १९८१ मध्ये जाळलेली लायब्ररी परत बांधलीय, ती पांढरी इमारत बघताना घशात काहीतरी अडकतं. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं, ऑगस्टच्या आसपास तिथला पंचवीस दिवसांचा उत्सव असतो. आणि आंबा! करुत्तकोळुंबान नावाचा. आपला हापूस संपून महिना झालेला असतो आणि इथे बाजारात ढीग. देवगडकरांसमोर बोलू नये, पण बरा लागतो. हापूस नाही. पण बरा लागतो.

जाफन्याहून त्रिंकोमालीला बसने पाच-सहा तास. निलावेलीला ट्रिपचे सगळ्यात जास्त दिवस द्या. सकाळी साडेसहाला मी किनाऱ्यावर गेले तर समुद्र कसा, तर तळ्यासारखा. लाट म्हणजे नुसती चादर ओढल्यासारखी वाळूवर यायची आणि जायची. त्याच वेळी घरून दिराचा व्हिडिओ आला होता, आमच्या देवबागच्या बंधाऱ्यावर लाटा उडतायत आणि माडाची चुडतं रस्त्यावर पडलीयत. एकच महिना आणि एकच वारा, मी फोन आणि समुद्र आळीपाळीने बघत बसले. तिथून बोटीने पिजन आयलंडला जाता येतं, पाण्यात तोंड घालून प्रवाळ आणि मासे बघायला, फक्त प्रवाळावर पाय देऊ नका, आपण मालवणात पर्यटकांना ओरडतो तेच इथे स्वतः पाळा. त्रिंकोमालीचं कोणेश्वर कड्यावर आहे, जुन्या किल्ल्याच्या आत, वाटेत चितळं माणसांच्या हातचं खात फिरतात. मूळ देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, आत्ताचं नंतरचं. आषाढी एकादशीला आम्ही नेमके तिथे होतो. आईंनी घरून साबुदाणा आणलेलाच होता.

सिगिरियाला सकाळी गेट उघडतानाच हजर व्हा. पाचव्या शतकात काश्यप राजाने त्या उभ्या खडकावर राजवाडा बांधला, वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आठ वाजल्यानंतर ऊन आणि माणसं दोन्ही अंगावर येतात. आई सिंहाच्या पंजांपर्यंत आल्या आणि तिथे बसून राहिल्या, वरचा जिना लोखंडी आणि उघडा आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर हट्ट करू नका. खडकाचा फोटो हवा असेल तर समोरचा पिदुरंगला चढा, स्वस्त आहे. इथूनच पोलोन्नरुवा एका दिवसात होतं, आणि जुलै ते सप्टेंबर मिन्नेरिया तलावाचं पाणी आटलं की हत्तींचे मोठे कळप गवतासाठी तिथे उतरतात. जीपवाल्याला आधीच विचारा की आज हत्ती मिन्नेरियात आहेत, कौडुल्लात की हुरुलूत, कारण ते फिरत असतात आणि ड्रायव्हर लोकांना रोजची बातमी असते. संध्याकाळनंतर हबराणाच्या रस्त्यांवर स्कूटर काढू नका, जंगली हत्ती डांबरावर येतात.

कँडी पावसाळी होतं, दंतमंदिर आणि पेरादेनियाची बाग, दोन रात्री पुरे.

तरुण मंडळी असाल तर एलाहून खाली अरुगम बेला जा, लाटांवर फळी चालवायचा सीझन तोच असतो. आमच्या तिघांत फळीवर उभं राहणारं कोणी नव्हतं.

पाचवी पायरी: ट्रेन, बस, टुकटुक

कँडी ते एला ट्रेन म्हणजे सगळ्यांची भुणभुण. रिझर्व्हेशन तीस दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या कोकणकन्येसारखं मिनिटात संपतं, एजंट मग चढ्या भावाने विकतात. वैतागू नका. बिनरिझर्व्हेशनचं सेकंड किंवा थर्ड क्लासचं तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, उभं राहावं लागेल, पण नानुओयाला बरीच माणसं उतरतात आणि खरी मजा त्यापुढेच आहे. आम्ही आईंना रस्त्याने नानुओयापर्यंत नेलं आणि तिथून ट्रेन धरली, मला विचाराल तर हाच मार्ग चांगला. पुढे पट्टिपोला हे सगळ्यात उंचावरचं स्टेशन, १८९० मीटरच्या आसपास. आमच्या अंगावर शाली, खिडक्यांवर पाण्याचे ओघळ, बाहेर धुकं. पट्टिपोला सोडून गाडी बोगद्यात शिरली, अंधार, सगळी पोरं शिट्ट्या मारतायत, आणि बाहेर पडली तर ऊन. खरंच ऊन, कोरडे रूळ, खाली दरीत उवा प्रांत पिवळा पडलेला. पहिल्या पायरीत जे सांगितलं ना डोंगराचं, ते त्या एका बोगद्यात डोळ्यांनी दिसतं. याच कोरड्या वाऱ्यामुळे उवाचा चहा जुलै ते सप्टेंबरमधला सगळ्यात चांगला मानतात, एलाला घेतलात तर तोच घ्या.

एक मात्र बघून घ्या. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने डोंगरभागात दरडी कोसळून रेल्वे लाइनचं मोठं नुकसान केलं होतं. त्यामुळे खोल्या बुक करण्याआधी कुठला तुकडा चालू आहे ते नक्की विचारा, नसेल तर बसने जा, एला तसंही सुंदरच आहे. आणि दारात लटकून व्हिडिओ काढू नका, तिथे माणसं मेलीयत.

बस म्हणजे लाल सरकारी आणि रंगीबेरंगी खाजगी. खाजगीवाले बस सुसाट उडवतात, गाणी फुल आवाजात. पुढची एक-दोन सीट भिक्खूंसाठी असते, नवरा ऐटीत तिथे जाऊन बसला आणि पुढच्या स्टॉपला भगवी वस्त्रं चढल्यावर कंडक्टरने नुसती मान हलवली, बास. टुकटुकला बसण्याआधी भाव ठरवा, शहरात पिकमी ॲप वापरा, म्हणजे वादच नाही. स्वतः टुकटुक किंवा स्कूटर चालवायची असेल तर नुसतं आपलं लायसन्स चालत नाही, आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या आणि त्याला तिथली मान्यताही लागते.

सहावी पायरी: खाणं

इथे कोकणी माणूस निम्मा घरीच असतो. भात, चार-पाच भाज्या-आमट्या, सगळ्यात नारळाचं दूध, आणि पोल सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी. सकाळी इंदिआप्प, म्हणजे आपले शिरवाळेच हो, फक्त ते गोड रसाऐवजी आमटीशी खातात. अनुराधापुऱ्यात आमच्या घरमालकीणबाई पहाटे खोबरं खवायला बसल्या, तर बसायला बुटकं लाकडी स्टूल आणि पुढे दातेरी पातं, हिरमनय म्हणतात त्याला. आई उंबऱ्यातच थांबल्या. "अगो, ह्यो तर आडाळो," म्हणून त्यांनी सरळ बाईंना उठवलं आणि दोन नारळ स्वतः खवून दिले. एकीला मालवणी येते, दुसरीला सिंहली, दोघी अर्धा तास बोलत होत्या. काय बोलल्या देव जाणे. पण निघताना बाईंनी आईंचे हात हातात घेऊन "स्तुती" म्हटलं, स्तुती म्हणजे त्यांच्यात धन्यवाद.

शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. सांबोलमध्ये आणि बऱ्याच भाज्यांमध्ये उंबलकड टाकतात, म्हणजे सुक्या कुप्याचा चुरा, आणि त्यांच्या लेखी ते मासे नाहीतच, मसाला आहे. नुसतं व्हेज म्हणून चालत नाही, "उंबलकड नको" असंच म्हणा. आई एकादशीपासून चातुर्मास पाळतात. सिगिरियाला एका साध्या हॉटेलात त्यांनी सांबोलचा घास घेतला, थांबल्या, परत चघळला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येच्यात सुक्या म्हावऱ्याचा कूट आसा." जन्मभर सुकं म्हावरं भाजलेल्या बाईला कोण फसवणार. ताट तसंच माझ्याकडे सरकवलं आणि केळी खाल्ली.

मासे खाणाऱ्यांनी आंबुलतियल सोडू नये, कुप्याचे तुकडे गोरका नावाच्या आंबट फळात आटवलेले, गोरका आपल्या कोकमाच्याच कुळातला. आणि मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही, वर कित्तुलचा पाक. कित्तुल म्हणजे आपला भेरली माड! आपल्याकडे तो मांडवाला लावायच्या झावळ्यांपुरता उरलाय आणि ते लोक त्याच्या रसाचा काकवीसारखा पाक आणि गूळ करून जगाला विकतात. हे बघून मला खरंच राग आला, आपल्यावर.

सातवी पायरी: सांभाळायच्या गोष्टी

देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, हा तिथे खरोखर अपमान आहे आणि बुद्धाचा टॅटू दिसला म्हणून परदेशी लोकांना परत पाठवल्याचीही उदाहरणं आहेत. डेंग्यू आहे, डासांचं मलम दिवसाही लावा. समुद्र आपल्याला नवा नाही, पण प्रत्येक किनाऱ्याची ओढ वेगळी असते, पाण्यात जाण्याआधी तिथल्या मच्छीमाराला विचारा. अँब्युलन्सचा नंबर १९९०, पोलीस ११९, टुरिस्ट पोलीस १९१२. प्रवासाचा विमा काढाच, विशेषतः साठीच्या पुढच्यांचा, आधीचे आजार फॉर्मवर लिहून.

प्लगची पिन तिथे बऱ्याच ठिकाणी चौकोनी तीन दांड्यांची असते, ॲडॅप्टर इथूनच न्या. सिमकार्ड विमानतळावरच घ्या, डायलॉग किंवा मोबिटेल, दोन्ही बरे. कपडे कमी न्या. शाल मात्र एक घ्या, नानुओयाला लागते, जुलैत घरची शाल काढताना माणसं हसली तरी.

परत येताना कित्तुलचा पाक आणणार असाल तर बाटली चेक-इन बॅगेत जाते, केबिनमध्ये काढून घेतात. झाकणाला टेप लावा, दोन पिशव्यांत घाला आणि मग कपड्यांत गुंडाळा. आम्ही एकाच पिशवीत घातली होती. मुंबईला बॅग उघडली तर नवऱ्याचे तीन शर्ट गोड झाले होते आणि घरी पोचेपर्यंत, म्हणजे पावसातल्या त्या हळू गाडीतून आणखी एक रात्र, डब्यातल्या सगळ्या मुंग्या आमच्या बर्थखाली.